'पण' नसलेले छायाचित्र

मराठी व्याकरणात 'पण', 'परंतु', 'परी', 'किंतु' या शब्दांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणतात. दोन वाक्ये जोडताना पहिल्या वाक्यात काहीतरी उणे आहे, असा बोध हे शब्द करून देतात. गेली वीस वर्षे मी हा प्रकार वर्गात शिकवते आहे आणि उदाहरण म्हणून 'पाऊस आला, पण पीक हाती लागले नाही' यासारखे निरुपद्रवी वाक्य फळ्यावर लिहिते आहे. वस्तुतः आमच्या बारामती-इंदापूर भागात, आणि मला वाटते साऱ्या महाराष्ट्रात, या अव्ययाचा घरोघरी होणारा वापर वेगळाच आहे. 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.' 'रंगाने डावी आहे, पण शिकलेली आहे.' 'काळी आहे, पण हसली की बरी दिसते.' वाक्याचा उत्तरार्ध बदलत राहतो. पूर्वार्धातले न्यून मात्र ठरलेले असते. माझ्याविषयी अशी वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की वर्गात हा प्रकार शिकवताना ती मला एकदाही आठवू नयेत, याचे आज नवल वाटते.

2003 साली माझे एम.ए. पूर्ण झाले आणि घरात स्थळांचा शोध सुरू झाला. त्यासाठी पहिली गरज फोटोची. वडील मला बारामतीतील एका स्टुडिओत घेऊन गेले. स्टुडिओत संगणक नुकताच आला होता आणि छायाचित्रकाराला त्याचे मोठे अप्रूप होते. माझे केस कुरळे आणि राठ. आईने ते तेल लावून चप्प बसवले होते. चेहऱ्यावर पावडर होती. चार दिवसांनी फोटो हाती आला, तेव्हा तो माझाच आहे हे ओळखायला मला क्षणभर लागला. त्यातली मुलगी गव्हाळ वर्णाची होती. कानाजवळच्या चुकार बटा नाहीशा झाल्या होत्या. वडील स्टुडिओवाल्यावर खूश झाले, आणि खरे सांगायचे तर मीही झाले. पुढे पाहुणे आले. मुलाच्या आत्याने पर्समधून तो फोटो काढून एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि कोणताही कठोर शब्द न वापरता म्हणाल्या, "फोटोत वेगळ्या दिसतात." चहा झाला, पोहे झाले, मंडळी गेली. लग्न यथावकाश दुसरीकडे झाले आणि संसारही नीट चालला आहे. तो फोटो मात्र मी फाडला नाही आणि पुन्हा कधी पाहिलाही नाही. त्या दिवशी मला कुणी नाकारले याचे दुःख फारसे उरलेले नाही. आपल्या घरातील माणसांनीच आपल्या जागी दुसरी मुलगी पाठवली होती, ही जाणीव तेवढी उरली.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण आमच्या महाविद्यालयात गेल्या फेब्रुवारीत घडलेला एक लहानसा उपक्रम.

बी.ए.च्या वर्गाला मी दलित साहित्याची पार्श्वभूमी शिकवत होते. दलित पँथरची स्थापना 1972 सालची. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले. त्याही आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पुढे जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ लिहून त्या साहित्याचा मराठी वाचकांना सविस्तर परिचय करून दिला. हा सगळा भाग परीक्षेच्या दृष्टीने ठरलेला आहे. त्या ओघात 'काळे ते सुंदर' या अर्थाच्या अमेरिकेतील घोषणेचा उल्लेख झाला, आणि मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मॅडम, म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? नुसतं म्हटलं, की करून दाखवलं?"

प्रश्न इतका नेमका होता की मी त्याचे उत्तर दुसऱ्या दिवसावर टाकले आणि रात्री वाचत बसले.

न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. क्वामे ब्रॅथवेट हा तेथील तरुण छायाचित्रकार. त्याने, त्याचा भाऊ एलोम्बे ब्रॅथने आणि त्यांच्या मित्रांनी 1956 साली कलावंतांचा एक गट स्थापन केला होता. प्रारंभी ते जाझ संगीताचे कार्यक्रम करीत. मार्कस गार्वी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांतूनही उजळ कातडीच्या आणि सरळ केसांच्या स्त्रियाच सुंदर म्हणून झळकत. केस सरळ करण्यासाठी तापवलेला लोखंडी कंगवा किंवा कातडी भाजणारी रसायने वापरली जात. माल्कम एक्स यांनी आपल्या आत्मचरित्रात तरुणपणी स्वतःचे केस असे सरळ करून घेतल्याची हकिकत सांगितली आहे आणि त्या वेदनेला त्यांनी आत्मावमाननेचे नाव दिले आहे. ब्रॅथवेट आणि त्याच्या साथीदारांनी 28 जानेवारी 1962 रोजी हार्लेममधील 'पर्पल मॅनर' या ठिकाणी 'नॅचरली 62' नावाचा केशभूषा आणि वेशभूषा यांचा कार्यक्रम केला. त्यात वावरलेल्या स्त्रिया व्यावसायिक मॉडेल नव्हत्या. त्या त्याच समाजातील, गडद वर्णाच्या आणि आपले केस जसे उगवतात तसेच ठेवणाऱ्या स्त्रिया होत्या. 'ग्रँडासा मॉडेल्स' हे त्यांनी घेतलेले नाव. कपडे आफ्रिकी धाटणीचे, दागिने त्यांच्यापैकीच काहींनी हाताने घडवलेले. हा कार्यक्रम पुढे अनेक वर्षे होत राहिला आणि ब्रॅथवेट त्या स्त्रियांची छायाचित्रे घेत राहिला. 2023 साली, वयाच्या पंचाऐंशीच्या घरात तो वारला, तेव्हा जगभरच्या संग्रहालयांनी त्याच्या कामाची दखल घेतलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी ती छायाचित्रे वर्गात पडद्यावर दाखवली. मुली प्रथम हसल्या. मग हसू ओसरले. त्यातील एका छायाचित्रात एक स्त्री कानांत मोठी आभूषणे घालून थेट आपल्याकडे पाहते. तिच्या डोक्याभोवती केसांचे दाट वलय आहे. बराच वेळ ते पडद्यावर राहिले. एक मुलगी म्हणाली, "ही आमच्या मावशीसारखी दिसते." दुसरी म्हणाली, "तिला माहितीये की ती भारी दिसतेय." मी वीस वर्षांत सौंदर्यशास्त्रावर जे काही शिकवले असेल, त्यात हे वाक्य नव्हते.

त्याच आठवड्यात पाच-सहा जणी स्टाफरूममध्ये आल्या. त्यांना आपलेही असे फोटो काढायचे होते. ज्या मुलींना आजवर रंगावरून किंवा केसांवरून बोलले गेले आहे, त्या मुलींचे. आणि त्यांच्या आयांचेही. पावडर नाही, केस सरळ करणे नाही, फोनमधले फिल्टर नाहीत. फोटो छापून महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लावायचे. मी म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण..." आणि पुढे घरच्यांची परवानगी, परीक्षा, गावातली चर्चा अशी कारणे सांगू लागले. मागच्या बाकावरची ती मुलगी शांतपणे ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका. गेल्या वर्षी पाहुण्यांच्या स्वागताला तुम्ही मुली निवडल्या होत्या. मी नऊवारी घेऊन आले होते. तुम्ही मला मागे पाणी द्यायला उभं केलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तो प्रसंग आठवत होता. तिचा चेहरा मात्र त्यात आठवत नव्हता. ओवाळायला, पुष्पगुच्छ द्यायला 'चांगल्या दिसणाऱ्या' मुली निवडण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. त्या निवडीचा निकष मी कधी शब्दांत मांडला नव्हता, आणि म्हणूनच तो मला कधी दिसलाही नव्हता. 2003 मधल्या त्या आत्याबाईंना मी बावीस वर्षे मनातल्या मनात उत्तरे देत आले; आणि इकडे दरवर्षी मी त्यांचेच काम विनावेतन करीत होते. मी त्या मुलीला म्हटले, "चुकलंच माझं." ती गोंधळली. शिक्षकांनी असे म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही.

उपक्रमाची तयारी म्हणून मी मुलींना एक काम दिले, कारण भाषेच्या शिक्षकाला दुसरे काही सुचत नाही. रंग आणि केस यांविषयी घरात, एसटीत, लग्नकार्यात जे शब्द ऐकू येतात ते टिपून आणा, असे सांगितले. वह्या भरून आल्या. काळीसावळी, काळीबेंद्री, काळी ठिक्कर, काळीकुट्ट. केसांसाठी झिपऱ्या, जटा, काथ्या. उलट बाजूस उजळ, गोरीपान, नितळ, लांबसडक, रेशमी. एका मुलीने मात्र वेगळी यादी आणली होती. तिच्या वडिलांना तिने विचारले होते की काळे म्हणून चांगले काय काय असते. शेतकरी माणूस. त्यांनी सांगितले, जमीन. गावाच्या वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. काळीला आई म्हणतात, पांढरीला कुणी आई म्हणत नाही. मग विठोबा. मग घोंगडी. मग संक्रांतीची चंद्रकळा आणि गळ्यातली पोत.

ती यादी आम्ही फळ्यावर लिहिली आणि पाहत बसलो. आपल्या भाषेला काळ्या रंगाचे प्रेम नाही असे म्हणताच येणार नाही. ज्या देवाच्या सावळेपणावर संतांनी शतकानुशतके जीव ओवाळून टाकला, त्याच्या वाटेवर आमचे गाव आहे. महाभारताची नायिका वर्णानेच कृष्णा आहे. म्हणजे देवात काळा रंग चालतो, मातीत चालतो, पुराणात चालतो, वस्त्रात तर शोभतो. फक्त सांगून आलेल्या मुलीच्या अंगावर तो आला की तिथे 'पण' येऊन उभा राहतो. सौंदर्याची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नाही. ती आपण माणसांना लागू केली नाही. आणि लागू न करण्यामागे केवळ आवडनिवड नाही. उजळ वर्ण म्हणजे उन्हात राबावे न लागणारे घर, आणि पर्यायाने वरची जात, हे समीकरण आपल्या म्हणींपर्यंत झिरपलेले आहे. अमेरिकेतील वंशभेद आणि आपला वर्णविचार एकच नव्हेत, हे मी मुलींना पुन्हा पुन्हा सांगत होते; परंतु दोन्हीकडे कातडी हा वंशावळीचा दाखला म्हणून वाचला जातो, एवढे साम्य त्यांना सांगावे लागले नाही.

केसांची कथाही तशीच. महाराष्ट्रात बाईचे केस बहुधा तिचे नव्हतेच. विधवेचे केस समाजाने उतरवले. त्याविरुद्ध 1890 साली मुंबईत नाभिक समाज उभा राहिला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखे सत्यशोधक होते. केसांत गुंता होऊन जट आली की ती देवीची ठरली. मानेला ओझे होईल इतकी जट बाळगणाऱ्या स्त्रियांना तिच्यातून सोडवण्याचे काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही करीत आहेत. या इतिहासापुढे कुरळ्या केसांवरून होणारी थट्टा किरकोळ वाटेल. तरीही आपले केस आपण कसे ठेवावेत याचा निर्णय आपला असावा, ही मागणी तीच आहे. 2019 साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला नैसर्गिक केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा करावा लागला, हे ऐकून मुलींना आश्चर्य वाटले. एक म्हणाली, "आमच्या शाळेत दोन वेण्या नसल्या की छडी मिळायची."

छायाचित्रांचा आणि आमच्या भागाचा संबंध नवा नाही. दर आषाढीला संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडीमार्गे इंदापूरला येते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला पहिले गोल रिंगण. त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून मोठमोठे कॅमेरे घेतलेली मंडळी येतात आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या, उन्हाने रापलेल्या, सुरकुतलेल्या बायकांचे फोटो काढतात. ते फोटो सुंदर असतात यात शंका नाही. पण त्या बाईला आपला फोटो क्वचितच मिळतो. आणि त्याच चेहऱ्याची तिची नात स्थळासाठी फोटो काढायला जाते, तेव्हा तो चेहरा पुसून उजळ केला जातो. वृद्ध आणि भक्त असेल तर काळा चेहरा कलेला चालतो. तरुण असून स्वतःसाठी सुंदर दिसू पाहत असेल, तर नाही.

चित्र काढणाऱ्याची दृष्टी किती निर्णायक असते, याचे एक उदाहरण आमच्या इंदापूरशी दुरून जोडलेले आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. ते ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिची सूत्रे त्या काळात मलिक अंबरच्या हाती एकवटत गेली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनचा वजीर झालेला हा पुरुष 1626 साली वारला. त्याची जमाबंदी महाराष्ट्र विसरला नाही. जहांगीर बादशहाला तो कधी हाती लागला नाही. तेव्हा बादशहाच्या चित्रकाराने, अबुल हसनने, भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बादशहा बाण मारतो आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात न मिळालेला विजय चित्रात मिळवला गेला, आणि त्यासाठी एका काळ्या चेहऱ्याची विटंबना करण्यात आली. त्याच मोगल परंपरेतील हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेले अंबरचे आणखी एक चित्र लंडनच्या संग्रहालयात आहे. त्यात तो पूर्णाकृती, शांत आणि राजस उभा आहे. चेहरा तोच, रंगही तोच. कुणी कशासाठी पाहिले एवढाच फरक. ही दोन चित्रे मी मुलींना एकापुढे एक दाखवली, तेव्हा आफ्रिका हा आमच्या तालुक्याला अगदीच परका विषय राहिला नाही.

छायाचित्रे काढण्यासाठी एका मुलीचा भाऊ आला. उजनीच्या पाणलोटावर लग्नाआधीची जोडप्यांची छायाचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय. फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी महाविद्यालयामागच्या उसाच्या फडाला लागून आम्ही जमलो. अकरा मुली, चार आया आणि एक आजी. मुलींनी रात्रीच केस धुतले होते आणि तेल लावले नव्हते. उन्हात ते मोकळे केस पाहून मला प्रथमच कळले की माझ्या वर्गात इतके कुरळे केस आहेत; वर्षभर ते वेण्यांत बांधून बसलेले होते.

पहिली काही छायाचित्रे बिघडली. पांढऱ्या भिंतीपुढे मुलींना उभे केले की चेहरे काळवंडत. छायाचित्रकाराने कारण समजावून सांगितले. कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा हिशेब करतो. मागे पांढरे असेल तर तो उजेड कमी करून टाकतो आणि सावळा चेहरा बुडतो. मला आठवले, कोडॅक कंपनीच्या रंगीत छायाचित्रांचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईचे कार्ड वापरले जाई. तिची कातडी नीट दिसली की छपाई बरोबर. सावळ्या माणसाचा फोटो चांगला येत नाही, असे आपण सहज म्हणतो. दोष माणसाचा नसून हिशेबाचा असू शकतो, हे त्या सकाळी डोळ्यांनी दिसले. मुलींना उसाच्या गडद हिरव्या पार्श्वभूमीपुढे, कडेने येणाऱ्या उन्हात उभे केले आणि चेहरे उजळले. उजळले म्हणजे गोरे झाले नाहीत. ज्या रंगाचे होते त्या रंगात झळकू लागले. मराठीत 'उजळ' या शब्दाचा हा अर्थही आहे. तो आपण वापरायचा सोडला आहे.

तरी हाताची सवय जात नाही. छायाचित्रकार लॅपटॉपवर फोटो पाहता पाहता म्हणाला, "मॅडम, थोडंसं उजळ करून देतो. छान येईल." मागच्या बाकावरच्या मुलीने त्याचा हात अडवला. त्यावर तिची आई, जी आतापर्यंत एका बाजूला उभी होती, पुढे आली. या बाई रोपवाटिकेत मजुरीला जातात. त्या त्याला म्हणाल्या, "हाय तशी ऱ्हाऊ दे, दादा. लग्नाच्या येळंला बी असंच गोरं करून दिलं हुतं. सासू म्हनली, दुसरीच आनली." सगळे हसले. मी हसू शकले नाही. बारामतीच्या स्टुडिओतला माझा फोटो एकटीचा आहे, अशी माझी बावीस वर्षे समजूत होती.

शेवटी मुलींनी मला खुर्चीवर बसवले. मी गेली काही वर्षे पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेते. त्याला मी नीटनेटकेपणा म्हणते. त्या दिवशीही ते सरळच होते. फक्त मुळाशी दीड-दोन बोटे नवे केस आले होते, कुरळे. आजींनी ते पाहिले आणि बोटाने सारखे करत म्हणाल्या, "बाई, तुमचं केस आतनं आमच्यासारखंच हाईत की." माझा फोटो त्या अर्ध्या कुरळ्या, अर्ध्या सरळ केसांसह आहे. तो फारसा चांगला आलेला नाही, परंतु मी तो काढून टाकू दिला नाही.

या उपक्रमाने काय साधले, असे सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' या 1970 सालच्या कादंबरीतील लहान मुलगी निळे डोळे मिळावेत म्हणून प्रार्थना करते आणि त्या इच्छेतच उद्ध्वस्त होते. तिला वाचवायला एक छायाचित्र पुरले नसते. आपल्याकडे चेन्नईच्या एका संस्थेने 2009 साली सावळ्या वर्णाच्या सन्मानाची मोहीम सुरू केली आणि पुढे नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. 2020 साली, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर उठलेल्या लाटेत, 1975 पासून भारतीय बाजारात असलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले आणि एका मोठ्या विवाहसंकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. डबीवरचा शब्द गेला. दुकानात मागणाऱ्या ओठांवर तो अजून आहे. स्मिता पाटील यांनी मराठी-हिंदी पडदा व्यापला. 2016 साली 'सैराट'मधून अकलूजची रिंकू राजगुरू घराघरात पोचली. आमच्या मुलींना ती जवळची वाटते. पालखी इंदापूरनंतर सराटीवरून अकलूजलाच जाते. तरी त्या दोघींविषयीही आपण 'सावळी असूनही' असेच लिहिले. 'असूनही' हे 'पण'चेच जरा शुद्ध रूप.

आमच्या अकरा मुलींपैकी दोघींनी छायाचित्रे लावू दिली नाहीत. एकीचे लग्न ठरत होते आणि तिच्या वडिलांनी हात जोडले. मी आग्रह केला नाही. फोटो कुठे लावायचा आणि कुठे नाही, हाही ज्याचा त्याचाच निर्णय. तिची प्रत तिला पाकिटात घालून दिली. ती म्हणाली, "मॅडम, हा मी जपून ठेवीन. आणि कधीतरी दाखवीन." कुणाला, ते तिने सांगितले नाही.

उरलेली छायाचित्रे महिनाभर भित्तिपत्रकात होती. खाली काय लिहावे यावर बराच वाद झाला. कुणाला कविता हवी होती, कुणाला घोषणा. शेवटी मुलींनी प्रत्येक छायाचित्राखाली फक्त नाव आणि गाव लिहिले. मी विशेषणे सुचवून पाहिली. त्यांनी नम्रपणे नाकारली. भाषेच्या शिक्षकाला हा पराभवच म्हणायचा. परंतु इतकी वर्षे ज्या मुलींविषयीची सारी वाक्ये 'पण'वर येऊन अडखळत होती, त्यांना प्रथमच एक साधे, केवल वाक्य मिळाले होते. उद्देश्य मुलगी, विधेय तिचे असणे. आणि जोडायला कोणतेही अव्यय नाही.

यंदा पाहुण्यांच्या स्वागताची जबाबदारी पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा मी मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आणि न्यूनत्वबोधक अव्यये शिकवताना फळ्यावर आता पावसाचे वाक्य लिहीत नाही. मुलींनाच उदाहरण विचारते. त्या सांगतात ते वाक्य मी फळ्यावर लिहिते, 'पण'पासून पुढचे सगळे पुसते, आणि राहिलेल्या वाक्यात काही उणे दिसते का, असे विचारते.